मोटुल ७१०० १०डब्ल्यू-४०: मनोरीच्या वाळूत चालणाऱ्या एटीव्हीत घालून बघितलेलं तेल

आधी उत्तर सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. तुमच्याकडे २५० सीसीच्या आसपासची क्लच-गिअरवाली एटीव्ही (चार रुंद चाकांची, वाळू-मातीत चालणारी मोकळी गाडी) असेल, क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असेल आणि गाडी वाळूत, उन्हात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच पळत असेल तर मोटुल ७१०० चं १०डब्ल्यू-४० डोळे झाकून घ्या, पैसे वसूल होतात. लहान मुलांच्या ११० सीसीत मात्र हे घालू नका, तिथे पेट्रोल पंपावर मिळणारं साधं चांगलं फोर-टी म्हणजे फोर-स्ट्रोक बाइकचं तेल घाला आणि लवकर लवकर बदला. कुठलं का तेल असेना, वेळेवर बदललं नाही तर सगळं फुकट, आणि मला ह्या रिव्ह्यूत जास्त बोलायचंय ते ह्याच गोष्टीवर.

आमच्या मेव्हण्याची मुंबईत समुद्राकाठच्या मनोरीला वाडी आहे, नारळ, चिकू, चार खोल्यांचा होमस्टे, शनिवार-रविवार मालाड-बोरिवलीकडून माणसं येतात आणि पोरांना करमणूक हवी म्हणून त्याने दोन एटीव्ही घेतल्या, दोन्ही चायनीज इंजिनवाल्या, एक मोठी २५० सीसी एअर-कूल्ड चेन ड्राइव्हवाली आणि एक ११० सीसी छोटी. ह्या गाड्यांना आपल्याकडे नंबर मिळत नाही, रस्त्यावर काढता येत नाहीत, त्यामुळे सगळं चालवणं वाडीच्या कुंपणाच्या आत आखलेल्या ट्रॅकवर, बीचवर नेत नाही आणि कोणी नेऊही नये. आता गाडी रस्त्यावर जाऊ शकत नाही म्हटल्यावर ती गॅरेजला पण जाऊ शकत नाही, मार्वेच्या फेरीबोटीतून मेकॅनिकलाच इकडे आणावं लागतं आणि येणारा मेकॅनिक रोज ॲक्टिव्हा आणि स्प्लेंडर करणारा असतो, एटीव्हीचं इंजिन बघितलं की तो म्हणतो सगळं सेमच असतं साहेब. सेम नसतं. म्हणून तेलाचं काम मी माझ्याकडे घेतलं, तेल मुंबईतून नेतो आणि बदलतो पण मीच.

एटीव्हीच्या तेलावर बाइकपेक्षा जास्त मार का बसतो ते आधी समजून घ्या, नाहीतर हजार रुपयाचं तेल कशाला हा प्रश्न सुटणार नाही. बाइक हायवेला पन्नास-साठच्या स्पीडने जाते तेव्हा समोरून वारा लागतो, इंजिनच्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांवरून (फिन्स) हवा जाते, तेल थंड राहतं. एटीव्ही पंधरा-वीसच्या स्पीडने चालते, टायर रुंद आणि त्यात हवा कमी, खाली भुसभुशीत वाळू, वरती दोन माणसं, म्हणजे इंजिनला लोड पूर्ण आणि वारा शून्य. त्यात मे महिन्याची दुपार. एअर-कूल्ड इंजिनमध्ये उष्णता बाहेर काढायचं बरंचसं काम तेल करतं, आणि तेच तेल गिअरबॉक्समध्ये पण असतं, तेच क्लचमध्ये पण. कारमध्ये इंजिनचं तेल वेगळं, गिअरचं वेगळं. इथे एकच तेल तीन ठिकाणी राबतंय, तेही लिटर-सव्वा लिटर एवढंच.

आता डबा हातात घ्या. पुढे मोठ्या अक्षरात १०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि १० हा आकडा गोठवणाऱ्या थंडीत तेल किती सहज हलतं ते सांगतो, १०डब्ल्यूची ती टेस्ट उणे २५ डिग्रीला होते. मुंबईत थंडी म्हणजे जानेवारीतल्या पहाटेचे पंधरा-सोळा डिग्री, त्यामुळे ५डब्ल्यू की १०डब्ल्यू की २०डब्ल्यू ह्यावर आपल्याकडे लोक जी भांडणं करतात त्यात फारसा दम नाही. आपल्या कामाचा आकडा दुसरा. ४० म्हणजे १०० डिग्रीला तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये आणि ३० म्हणजे ९.३ ते १२.५. गरम इंजिनमध्ये बेअरिंग आणि कॅमच्या मध्ये तेलाची जी फिल्म राहायला पाहिजे ती ह्या दुसऱ्या आकड्यावर ठरते. आमच्या मोठ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये गरम हवामानाला ४० लिहिलंय म्हणून ४०, तुमच्या मॅन्युअलमध्ये ५० असेल तर ५० घाला, मी सांगतोय म्हणून ४० घालू नका.

आणि मग डब्याच्या मागे बघा, तिथे खरी गोष्ट आहे. एक छोटी चौकट असते, त्यात जासो असं लिहिलेलं आणि सोबत एमए, एमए२ किंवा एमबी. हे जपानी स्टँडर्ड आहे, टी ९०३ नावाचं, १९९८ मध्ये आलं. त्या काळात कारच्या तेलात पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं यायला लागली होती, कारला ते चांगलंच, पण बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि क्लचचं कामच घर्षणावर चालतं, तर क्लच घसरायला लागले. म्हणून जपान्यांनी दुचाकीच्या तेलाचे वेगळे गट पाडले, एमए म्हणजे तेलातल्या क्लचला चालणारं, त्याचे पुढे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग, त्यात एमए२ ची पकड एमए१ पेक्षा जास्त, आणि एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, स्कूटरसाठी, कारण ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्याला इंजिनचं तेल लागतच नाही.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? मेव्हण्याने मी हे काम घ्यायच्या आधी एका मेकॅनिककडून मोठ्या गाडीचं तेल बदलून घेतलं होतं, त्या भल्या माणसाने त्याच्याकडे उरलेलं कारचं तेल ओतलं. काही दिवसांनी मेव्हण्याचा फोन, "भावोजी, गाडी आवाज करते पण पुढे जात नाही." जाऊन बघितलं तर वाळूच्या चढावर ॲक्सिलेटर पिळला की इंजिन किंचाळतंय आणि गाडी जागच्या जागी, केबल ॲडजस्ट करून झाली, फ्री प्ले (क्लच लिव्हरची मोकळी हालचाल) बरोबर, तरी तेच. रिकामा डबा अजून शेडमध्ये पडला होता, त्याच्या मागच्या गोल शिक्क्यात खालच्या अर्ध्या भागात रिसोर्स कंझर्व्हिंग असं छापलेलं. हा शब्द दिसला की ते तेल तेलातल्या क्लचवाल्या गाडीत घालायचं नाही, बस. तेल काढलं, स्वस्तातलं एमए तेल घालून थोडी चालवली, ते पण काढलं, मग परत नवीन घातलं, तेव्हा पकड परत आली. प्लेट जळाल्या नव्हत्या म्हणून वाचलो, नाहीतर क्लच प्लेटचा पूर्ण सेट आणि वर त्या गाडीचा सेट मुंबईत शोधायची मारामारी.

आता ७१०० बद्दल. मोटुल मूळची अमेरिकेतली कंपनी, १८५३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, नंतर फ्रेंच झाली, आणि १९७१ मध्ये त्यांनी कारसाठी पूर्ण सिंथेटिक तेल काढलं, ३००व्ही, तेव्हापासून सिंथेटिक आणि एस्टर हेच त्यांचं नाव आहे. ७१०० पण पूर्ण सिंथेटिक, एस्टरवालं (एस्टर म्हणजे सिंथेटिक तेलात वापरतात तो एक रासायनिक प्रकार), जासो एमए२. एस्टरचे रेणू धातूला चिकटून राहतात, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिली तरी वरच्या भागांवर थोडं तेल टिकतं असं सांगतात, ते मी इंजिन उघडून मोजलेलं नाही त्यामुळे त्यावर मी शपथ घेणार नाही. मला पटलेलं कारण वेगळंय. साधं मिनरल तेल १०डब्ल्यू-४० करायचं तर त्यात पॉलिमर घालावे लागतात, जे गरम झाल्यावर तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. आणि आपल्या गाडीत तेच तेल गिअरच्या दातांमधून जातं, दात ते पॉलिमर अक्षरशः कापतात, हळूहळू ४० चं तेल ३० सारखं वागायला लागतं. चांगल्या सिंथेटिकला पॉलिमर कमी लागतात म्हणून कापायला पण कमी असतं. कारचं तेल दहा हजार किलोमीटर टिकतं आणि आपलं का नाही ह्याचं अर्धं उत्तर गिअरबॉक्स आहे.

हे पायाला कळतं. मिनरल तेल असताना सुरुवातीला गिअर लोण्यासारखे पडायचे आणि तासांचा हिशोब वाढत गेला की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना खट्ट, न्यूट्रल सापडेना, उन्हात गाडी गरम असताना तर गिअर पाडायला बूट आपटावा लागायचा. ७१०० घातल्यावर तो सुरुवातीचा मऊपणा पुढच्या बदलापर्यंत जवळजवळ तसाच राहतो, शेवटी शेवटी थोडा कडकपणा येतो पण न्यूट्रल सापडतं. रिव्हर्स गिअर आमच्यात आधीपासूनच जड आहे, तो ह्या तेलाने हलका झाला नाही. क्लचची पकड एकदम घट्ट, दोन माणसं बसवून वाळूत अर्ध्या क्लचवर उचलली तरी घसरत नाही. मध्ये मध्ये डिपस्टिक बघून वरून तेल भरायची वेळ पण पूर्वीपेक्षा कमी येते. टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हकडचा टकटक) आवाज कमी होतो असं दुकानदार हमखास सांगतो, आमच्याकडे आवाजात काडीचा फरक पडला नाही, टॅपेट क्लिअरन्स सेट केल्यावरच तो गेला, तेव्हा आवाजासाठी महाग तेल घेऊ नका. आणि तेल लवकर काळं झालं म्हणून घाबरू नका, काळं होतंय म्हणजे घाण स्वतःत घेतंय, ते त्याचं कामच आहे.

किंमत लिटरला हजाराच्या आसपास पडते, दुकानाप्रमाणे थोडं खाली-वर. मोठ्या गाडीला सव्वा लिटर लागतं आणि पॅक एक लिटरचा, म्हणजे दोन डबे घ्यावे लागतात, हे मला खटकतं. उरलेलं तेल घट्ट झाकण लावून सावलीत ठेवतो, पुढच्या वेळी तेच आणि वर एक नवीन डबा, असं फिरवत राहतो. उघडलेला डबा समुद्राजवळ ठेवताना जपा, हवेत ओल असते आणि एस्टर आणि पाणी ह्यांचं फारसं जमत नाही, मी झाकणावर प्लॅस्टिक बांधून घरी मुंबईला परत आणतो.

बदलायचं कधी? इथे किलोमीटर विसरा. वाडीतल्या ट्रॅकवर गाडी दिवसभर फिरली तरी किलोमीटर हास्यास्पद कमी दिसतात, पण इंजिन तासन् तास हाय आरपीएमवर असतं. एटीव्ही तासांवर मोजायची असते. पोलारिससारख्या एटीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पण नवीन गाडीचं पहिलं तेल साधारण २५ तासांनी बदलायला सांगतात, पुढे शंभर तासांच्या आसपास, आणि चिखल-धूळ-पाणी असेल तर त्याच्या निम्म्यात. मनोरी म्हणजे वाळू, खारं वारं आणि भाड्याने चालवणारे नवशिके, म्हणजे आपण कायम त्या निम्म्यातच. आमच्या गाडीला अवर मीटर नव्हता, स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचे छोटे मीटर मिळतात ते लावून घेतलं, फार महाग नसतं, आणि मेव्हण्याच्या डोक्यातला "आत्ताच तर बदललं होतं" हा वाद त्या दिवशी संपला. नवीन गाडी घेतली असेल तर ते पहिलं २५ तासांचं तेल चुकवू नका, नवीन इंजिनचा धातूचा चुरा त्यातच उतरतो, आणि त्या पहिल्या भरण्याला सिंथेटिक घालायची गरज नाही, साधं एमए तेल घाला.

आता बदलायची पद्धत, आणि इथे मी थोडा किचकट आहे. गाडी पाच मिनिटं चालू ठेवून तेल कोमट करायचं, कडक गरम नको, हात भाजतो. मग गाडी सपाट जागेवर, आणि आता लक्ष द्या, झाकण उघडायच्या आधी झाकणाच्या भोवतालची वाळू जुन्या रंगाच्या ब्रशने झाडायची, मग ओल्या फडक्याने पुसायची, मग उघडायचं. झाकणाच्या खाचेत वाळू बसलेली असते, डोळ्यांना नीट दिसत नाही, झाकण फिरवलं की चार कण आत. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, साध्या स्टीलपेक्षा कडक, ती तेलासोबत फिरली की सिलेंडर आणि बेअरिंग घासून काढते. तेल कितीही भारी असू दे, ह्या चार कणांपुढे त्याचं काही चालत नाही.

आमच्या मोठ्या गाडीला खालून एक मोठं झाकण आहे, ते सोडलं की तेलासोबत एक स्प्रिंग आणि एक जाळी खाली पडते. ज्यांना माहीत नाही ते स्प्रिंग जुन्या तेलासोबत फेकून देतात. मी ट्रेमध्ये हात घालून पहिली ती जाळी काढतो आणि पेट्रोलमध्ये धुवायच्या आधी पांढऱ्या कागदावर आपटतो. त्या कागदावर जे पडतं ना, तो इंजिनचा रिपोर्ट. पहिल्या वेळी त्यात करड्या रंगाचे लांब लांब रबरी धागे निघाले, ते कारखान्यात कव्हर बसवताना लावलेल्या सिलिकॉनचे, गरजेपेक्षा जास्त लावतात आणि आतल्या बाजूने तुटून जाळीत येतात, जाळी बुजली तर पंपाला तेल कमी पडेल. बारीक राखाडी चिखलासारखा थर असेल तर ते क्लच आणि गिअरची साधी झीज, चालतं. चमकणारे तुकडे जे नखाने ढकलले की कागदावर ओरखडा काढतात ते आले तर थांबा, तेल भरू नका, इंजिन उघडावं लागणार. मॅग्नेट फिरवून बघा, चिकटले तर स्टील, नाही चिकटले तर बहुतेक ॲल्युमिनियम, मेकॅनिकला सांगायला बरं पडतं. तेलाचा एक थेंब पण बोटांमध्ये चोळून बघतो, खरखर लागली की समजायचं एअर फिल्टर फाटलाय. आणि एअर फिल्टरवर एक शब्द: ह्या गाड्यांना फोमचा असतो, धुवायचा, पूर्ण सुकवायचा, फिल्टरचं तेल लावून पिळायचा आणि मगच बसवायचा. कोरडा फोम बारीक धूळ थांबवत नाही. वाळूवर चालणाऱ्या गाडीत मी इंजिनच्या तेलाइतकंच लक्ष ह्या फोमकडे देतो.

तेल पूर्ण निथळू द्यायचं, घाई नको. झाकणाचा ओ-रिंग किंवा बोल्टचा वॉशर बघा, दबून चपटा झाला असेल तर नवा, दहा-वीस रुपयाची वस्तू आहे. बोल्ट ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये बसतो, अंगात ताकद आहे म्हणून लांब पान्याने आवळला की आटे जातात आणि मग आटे पाडणाऱ्याकडे इंजिन न्यायचं म्हणजे परत फेरी. कागदी फिल्टरवाली गाडी असेल तर फिल्टर बदला आणि त्याच्या रबराला बोटाने नवं तेल लावून बसवा. मग मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमी भरायचं, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करून थोडं थांबायचं, आणि मग डिपस्टिकवर बघत बघत वरच्या खुणेपर्यंत आणायचं. काही गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण फिरवून, ते मॅन्युअलमध्ये बघा कारण ह्या एका गोष्टीने लेव्हल चांगलीच चुकते. वरच्या खुणेच्या वर भरलं तर जास्त चांगलं असं अजिबात नाही, क्रँक त्यात फेस करते आणि तेल ब्रीदरमधून (इंजिनची वाफ बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरमध्ये येतं.

पाणी गेलं तर? आमच्याकडे एका पाहुण्याने ट्रॅकच्या कडेच्या डबक्यात गाडी बंद पाडली होती, दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर तेल चहात दूध ओतल्यासारखं. असं दिसलं की इंजिन चालू करायचं नाही, आधी तेल काढायचं, एअर बॉक्स आणि सिलेंडरमध्ये पाणी नाही ना ते बघायचं, मग स्वस्त एमए तेल घालून थोडा वेळ चालवायचं, काढायचं, तेल स्वच्छ निघेपर्यंत हेच, आणि सगळ्यात शेवटी ७१००. पहिल्याच वेळी महाग तेल ओतलं तर हजार रुपये पाण्यात, आणि खारं पाणी असेल तर उद्या करू म्हणून ठेवू नका, बेअरिंगला गंज चढायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात आमच्या गाड्या जूनपासून जवळजवळ उभ्याच असतात. मेव्हण्याचं म्हणणं की तेल सप्टेंबरमध्ये बदलू, गाड्या तर उभ्याच राहणार आहेत, नवीन तेल कशाला वाया घालवायचं. ऐकायला बरोबर वाटतं पण उलट आहे. वापरलेल्या तेलात जळलेल्या पेट्रोलचं आम्ल आणि पाण्याचा अंश असतो, ते चार महिने बेअरिंगवर बसून राहिलं तर धातू खातं, तेव्हा तेल उभं करायच्या आधी बदलायचं, थोडं चालवून सगळीकडे पोचवायचं आणि मग कव्हर घालायचं. पावसाळ्यात मधूनच दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करायची सवय पण वाईट, इंजिन पूर्ण गरम होत नाही आणि आत नुसती ओल साठते. चालवायची तर चांगली वीस मिनिटं चालवा, नाहीतर हात लावू नका.

छोट्या ११० सीसीला मी ७१०० का देत नाही? तिला जेमतेम पाऊण ते एक लिटर तेल लागतं, कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी, त्यामुळे घाण सगळी तेलातच राहते. फिल्टर नसलेल्या इंजिनमध्ये तेल जास्त दिवस टिकतं ह्याचा फायदाच नाही, कारण तेल टिकलं तरी घाण फिरतच राहणार. तिथे एचपीचं रेसर ४ किंवा इंडियन ऑइलचं सर्वो फोर-टी, मॅन्युअलला जुळणारा ग्रेड आणि मागे जासो एमए बघून, आणि ७१०० च्या निम्म्याहून कमी पैशात लवकर लवकर बदल. ही सरकारी कंपन्यांची तेलं लोक उगाच हलकी समजतात. एचपीसीएलची माहुलची रिफायनरी ल्यूब बेस ऑइलमध्ये देशात सगळ्यात मोठी, म्हणजे आपल्या चेंबूरच्या पलीकडे तेल बनतंय आणि आपण त्याला नाक मुरडतो. एक जपा, ११० बघून ॲक्टिव्हाचं तेल घालू नका, ते १०डब्ल्यू-३० एमबी असतं, आणि ह्या छोट्या गाडीला क्लच लिव्हर नसला तरी आतला ऑटो क्लच तेलातच असतो.

बेल्टवाल्या मोठ्या गाड्यांबद्दल मेव्हण्याच्या ओळखीतले एकजण विचारत होते. बेल्ट आहे म्हणजे स्कूटरसारखं एमबी चालेल असं समजू नका, यामाहाच्या ग्रिझली एटीव्हीत बेल्ट आहे पण सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) तेलातच आहे. पोलारिसवाल्यांनी तर ७१०० चा विचारच करू नये, त्यांचं स्वतःचं पीएस-४ हे ५डब्ल्यू-५० आहे, वॉरंटीत असाल तर तेच घाला. आणि गिअरकेस, डिफरेन्शियलची तेलं त्या गाड्यांत वेगळी असतात, ती वेगळी बदलावी लागतात, ते लोक सर्रास विसरतात.

घ्यायचं कुठून? मी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या मार्केटमधून घेतो, तिथे माल फिरता असतो, डबा वर्षानुवर्षं पडून राहिलेला नसतो आणि बिल मिळतं. फूटपाथवर किंवा ओळखीच्या माणसाकडून चारशे रुपये कमी म्हणून घेऊ नका. झाकणाखालची रिंग अखंड पाहिजे, झाकणाखाली फॉइल नीट चिकटलेलं पाहिजे, बॅच आणि तारखेची छपाई नखाने खरवडून जाता कामा नये. नकली तेलाचा धंदा खऱ्या रिकाम्या डब्यांवर चालतो, म्हणून तेल ओतून झालं की डब्याला स्क्रू ड्रायव्हरने आरपार भोक पाडा आणि मगच भंगारात द्या. गॅरेजमध्ये बदलत असाल तर डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि रिकामा डबा घरी घेऊन या, मेकॅनिकला राग आला तर येऊ दे.

राहिलं जुनं तेल. वाडीत ते नारळाच्या बुंध्याला वाळवी लागू नये म्हणून ओतायची जुनी पद्धत आहे, मेव्हण्याचे वडील पण करायचे, ती मी बंद करायला लावली कारण वाडीची विहीर तिथून वीस पावलांवर आणि घर त्याच पाण्यावर. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात येतं, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला पाहिजे. आपण एक-दोन लिटरवाले थेट रिसायकलरकडे जाणार नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमध्ये ड्रम असतो आणि तो अशा रिसायकलरकडे जातो, मालाडला एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी आनंदाने घेतलं. पाच लिटरचा कॅन भरला की मी स्कूटरच्या फूटबोर्डवर नाही तर बॅगेत उभा ठेवून फेरीने आणतो, झाकणाखाली प्लॅस्टिक लावून, आणि त्यात ब्रेक ऑइल, कूलंट किंवा पेट्रोल मिसळत नाही, मिसळलेलं ते लोक घेत नाहीत.